लिब्रादाची भिंत

लिब्रादा माझी नणंद. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातल्या आमच्या गावात भिंती मातीनं लिंपायचं काम बायकांचं. चर्च आम्ही दोघींनी तीस वर्षं बरोबरीनं लिंपलं. मग गावाचं संग्रहालय निघालं. शहरातल्या आर्किटेक्टबाई म्हणाल्या, "इमारत डोंगरात मिसळून गेली पाहिजे." बाहेरच्या भिंती लिब्रादाला मिळाल्या. मला मिळालं संडासाचं आतलं लिंपण.

तिनं त्याच डोंगराची माती सहा ठिकाणांहून खणून आणली, लिंपून वाळवून रंग ताडून पाहिला, मेंढीच्या कातड्यानं भिंत घोटली. मी म्हणाले, "चिखलाचा किती तो थाट."

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या संग्रहालयासमोरून सरळ पुढे निघून गेल्या. मला इतका आनंद झाला, की मी धावतच सांगायला गेले. "नणंदबाई, तुमची भिंत कुणाला दिसलीसुद्धा नाही."

लिब्रादा हात धूत होती. "त्याचसाठी तर दोन महिने राबले, वहिनी."

अजूनही लोकांना ती इमारत शोधावी लागते. मला मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही.