चारुदत्त आगाशे यांचा घरचा पेशंट

भवानीपूरचे चारुदत्त आगाशे बँकेतून निवृत्त झाले आणि थेट डॉक्टरच झाले. औषध मात्र गाण्यांचं. कलकत्त्यात दर तिसऱ्या घरी साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटणारा एखादा होमिओपॅथ असतोच. त्याची पद्धत यांनी जशीच्या तशी उचलली. माणूस सापडला की आधी चौकशी: झोपता कसे, उताणे की कुशीवर? आंबट आवडतं? सासूबद्दल मत काय? मग डोळे मिटून चिंतन, मग चिठ्ठी. गाण्याचं नाव, खाली पथ्य. 'जॅझ. संथ सॅक्सोफोन. सकाळी, चहाच्या आधी.' चिठ्ठीला नंबर, खाली कार्बन. एक प्रत पेशंटला, एक फायलीत. पस्तीस वर्षांची बँक अशी अंगातून जाते थोडीच!

गुणही यायचा. मराठी मंडळाच्या सेक्रेटरी आरतीबाईंना त्यांनी धडाडधूम ड्रम्सचं रॉक दिलं, तेव्हापासून बाई सभेत कुणाला तोंड उघडू देत नाहीत. बजबजच्या जयप्रकाशला गिटार घेऊन एकट्यानंच कुढणाऱ्या गायकाचं गाणं दिलं. सियालदहच्या लोकलमध्ये तो ऐकता ऐकता असा रडला, की समोरच्या बाईंनी त्याला स्वतःचा रुमाल दिला. पुढचं त्याच्या बायकोसमोर काढायचं नाही.

एकच पेशंट हाती लागत नव्हता: त्यांची बायको, शकुन. एकेचाळीस वर्षांचा संसार, पण तिनं एकदाही त्यांच्याकडे गाणं मागितलं नव्हतं. नवरा चिंतनात दिसला की ती पुढ्यात सोलायला मटारची परात ठेवायची. "डोळे मिटलेलेच आहेत, तर हात चालू द्या."

गेल्या रविवारी मंडळात त्यांच्या जुन्या मित्रानं, शरच्चंद्रनं, सगळ्यांदेखत काडी घातली. "चारू, अख्ख्या गावाला औषध वाटतोस लेका, आणि आमची वहिनी तशीच?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं शकुन हसली. ते मात्र चारुदत्तांना लागलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. हिला काय द्यावं? जॅझ चालेल? रॉकनं डोकं उठेल? काही म्हणता काही सुचेना. शेवटी गुरुवारी त्यांनी फाईल काढली, जयप्रकाशचं हमखास औषध नव्या चिठ्ठीवर उतरवलं आणि चार वाजता तिच्या बशीखाली सरकवलं.

शकुननं चष्मा लावला. वाचलं. चहाचा घोट घेतला.

"अहो, ही तर जयप्रकाशची."

"कुणी सांगितलं?"

"फायलीत नंबर दोनशे चौदा. मार्चमधली. तुम्ही रोज दुपारी गप्पा मारायला बाहेर पडता, तेव्हा मी काय करते असं वाटतं तुम्हाला? फाईल काढते, मोबाईलवर गाणं लावते. सगळी ऐकून झाली. आरतीचं झकास आहे, मी त्यावर लादी पुसते. हा तुमचा गिटारवाला मात्र नुसता पिरपिरतो." तिनं चिठ्ठी परत सरकवली. "दुसऱ्याचं उरलेलं औषध मला नको. माझं म्हणून एक द्या."

चारुदत्तांनी पॅड ओढलं, कार्बन घातला, पेन उघडलं. पेन तसंच राहिलं. शरच्चंद्रच्या सासूपर्यंत त्यांना सगळं ठाऊक होतं. पण ही कुशीवर झोपते की उताणी?

त्यांनी हळूच कार्बन काढून ठेवला.

"अगं, तुला आंबट आवडतं का?"

शकुननं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मटारची परात बाजूला सारली.

"खुर्ची जवळ घ्या," ती म्हणाली. "वेळ लागेल."