पाच-नऊ

दात घासता घासता मामा रोज खिडकीतून मान बाहेर काढून आकाश बघायचा. ढगांमुळे उपग्रहाचं काही अडत नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं. तरी बघायचा. मग गच्चीवर.

हा माझा धाकटा मामा फ्रीज दुरुस्त करायचा आणि आमच्याकडेच वरच्या खोलीत राहायचा. हौशी रेडिओचं लायसन्स त्याने आणि परगावच्या मोठ्या मामाने बरोबरच काढलं होतं. त्याचा अँटेना म्हणजे प्लास्टिकच्या पाइपवर बसवलेले जुन्या स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे. एका हातात तो, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी, आणि न दिसणाऱ्या उपग्रहाच्या मागे मामा हळूहळू वळत राहायचा. शेजारचे शिंपीकाका हटकून विचारायचे, "काय, लागलं का चॅनल?"

"लागलं. तुमच्याच घरचं भांडण दाखवतायत."

उपग्रह खालचा आवाज झेलून लांब पोचवतो, पण काही मिनिटांत मावळतो. तेवढ्यात लांबलांबचे लोक त्यावर गर्दी करतात आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. म्हणून तिथली रीत तोकडी: आपलं संकेतनाम, म्हणजे लायसन्सवरची अक्षरं-आकडे, सांगायचं, समोरच्याचा आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सगळ्यात स्वच्छ, मोठा आवाज म्हणजे पाच-नऊ. पण खरखरीतून नुसतं संकेतनाम कळलं, तरी सगळे पाच-नऊच म्हणतात. पाहुणा जेवण छान झालं म्हणतो, तसं.

आजीला शेवटच्या वर्षी मोठ्या मामाने वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा दोघा भावांचं असं वाजलं की बोलणंच तुटलं. धाकट्याने त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. मात्र सकाळी उपग्रह वर आला की दोघं एकमेकांना हाक द्यायचे. संकेतनाम, पाच-नऊ. बस.

"सख्खे भाऊ," आई म्हणायची, "आणि ह्यांना बोलायला आकाशात मध्यस्थ लागतो!"

"मी भावाशी बोलत नाही, ताई. स्टेशनशी बोलतो."

पण तिकडून हाक आली नाही, की तो उगाच अँटेना पुसत गच्चीवर रेंगाळायचा.

एका सकाळी मी तिथेच कपडे वाळत घालत होते. उपग्रह मावळतीला आला होता, गर्दी ओसरली होती. मोठ्या मामाचं संकेतनाम आलं आणि त्यानंतर तो थांबलाच नाही, बोलतच राहिला. शब्द खरखरीत बुडत होते. मामाने मनगट वळवून अँटेना तिरका करून पाहिला, उंच धरून पाहिला. मग आवाज थांबला. परत सांग म्हणण्याएवढा वेळ होता. मामाने बटण दाबलं.

"पाच-नऊ. धन्यवाद."

"काय म्हणत होता मोठा मामा?" मी विचारलं.

"काय म्हणणार! रीत सोडून बडबड." पण त्या दिवशी तो शीळ घालत कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी तिकडून हाक आली नाही. त्यानंतरही नाही. मग मामीचा आईला फोन आला. हृदयाचं ऑपरेशन चालू असतानाच मोठा मामा वारला होता.

आम्ही पोचलो तेव्हा मामी दारातच होती. "भाऊजी, का नाही आलात?"

"वहिनी, मला कुठे माहीत होतं?"

"यांनी रेडिओवर सांगितलं ना तुम्हाला? मी ताईंना फोन करत होते, तर म्हणाले, नको, त्याला कळलंय. पाच-नऊ म्हणाला, म्हणजे शब्द न् शब्द पोचला. तोच ताईला घेऊन येईल. आत नेईपर्यंत दाराकडे बघत होते."

"मला ऐकूच आलं नव्हतं."

"मग पाच-नऊ कशाला म्हणालात?"

मामाने चपला काढल्या नव्हत्या. तसाच पायरीवर बसला.

गच्ची त्याने सोडली नाही. पण आता जसा आवाज येईल तसाच आकडा सांगायचा, तीन-दोन, दोन-एक. लोकांना ते उद्धट वाटायचं. हळूहळू त्याच्या हाकेला कोणी उत्तर देईनासं झालं. घरातही तो कशालाच नुसता हं म्हणेना. अर्धवट ऐकलेलं प्रत्येक वाक्य पुन्हा बोलायला लावायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, बहिरा झालाय. आई वैतागायची.

तो वरच्या खोलीत खुर्चीतच गेला, एका दुपारी. त्याच्या थोडं आधी मी जिन्याखालून ओरडून विचारलं होतं, मामा, चहा टाकू का?

वरून त्याचा आवाज आला, "नीट ऐकू नाही आलं. परत सांग."