कडू नसलेलं औषध

काल धाकट्याला हिवतापाचं औषध पाजलं. पहिल्याच घोटाला तो "कडू, कडू" म्हणून किंचाळला आणि मला शकू आठवली.

युद्धाच्या काळात एरंडोलला आमची ही थोरली मुलगी अशीच तापानं फणफणली होती. क्विनाइन कुठंच मिळेना. मोठ्या खटपटीनं एका दुकानातून बाटली आणली. बाटलीवरच्या कागदी पट्टीच्या खुणेनं मोजून मी डोस दिला. शकूनं तो मुकाट्यानं घेतला.

"अहो, आज पोर रडनी बी नही! औषध कडूच नही शे," बायको म्हणाली. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

बाटलीत नुसतं रंगीत पाणी होतं, हे शकू गेल्यावर कळलं.

काल बायकोनं धाकट्याला पोटाशी धरलं, पण गप्प केलं नाही. "रड रे भाऊ, रड," म्हणाली.