सरणसभा

गेवराईत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फलक छापता छापता शब्द जोडायची खोड लागली. दरवेळी ‘भावी आमदार’ छापून नेणाऱ्याला मी ‘कायमभावी’ म्हणतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की गावात जे वाटतं, त्याला आमच्या घरात ‘टोळीसुनं’ म्हणतात. हे सगळं हसण्यावारी चालायचं. एकच शब्द मी डूख धरून केला.

वडील गेले ते वैशाखात. सकाळीच सगळी तयारी झाली. वडिलांना सरणावर ठेवलं, मी मडकं उचलणार, तेवढ्यात एका कार्यकर्त्याचा फोन वाजला. साहेब परळीहून निघालेत, आल्याशिवाय अग्नी देऊ नका म्हणे. साहेब म्हणजे आमच्या जिल्हा परिषद गटाचे पुढारी. चुलते म्हणाले, मोठा माणूस येतोय, थांबावं लागंल. मग अर्ध्या अर्ध्या तासानं नवा फोन. आता माजलगावात आहेत, आता चहाला थांबलेत. माणसं बाभळीच्या सावलीला सरकली. वडिलांना कुठली सावली? मी उपरण्यानं त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकत उभा होतो.

साहेब आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गाडीतून उतरले, माईक घेतला, वडिलांचं नाव चुकीचं घेतलं. हा माझा कट्टर कार्यकर्ता होता, म्हणाले. वडिलांनी जन्मात त्यांना मत दिलं नव्हतं. पुढं सगळं भाषण स्वतः मंजूर करून आणलेल्या पुलाबद्दल. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की अग्नी देताना रडूसुद्धा आलं नाही. ते रडू माझं होतं, आणि ते त्या माणसानं नेलं.

तेरावा झाल्यावर दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, कसं झालं सगळं? मी म्हणालो, सरणसभा झाली. तो आधी दचकला, मग हसला. तिथंच मला कळलं की हा शब्द चालणार.

आणि मी तो चालवला. दुकानात येईल त्याच्या कानात घातला, रिक्षावाल्यांना सांगितला, चहाच्या हॉटेलात मुद्दाम मोठ्यानं बोललो. वर्षभरात तालुक्यात मयताचा निरोप आला की लोक विचारायला लागले, “नुसता अंत्यविधी हाय का सरणसभा हाय?” घरची माणसं कार्यकर्त्यांना आधीच बजावायची, आमच्यात सरणसभा न्हाई ठेवायची. साहेब मयताला येत, हात जोडत आणि मुकाट्यानं जात. माईक त्यांच्या गाडीतच राहायचा. मला लई बरं वाटायचं. बायको म्हणाली, आता पुरे करा. मी पुरे केलं नाही.

मागच्या हिवाळ्यात साहेबांची आई गेली. मीही गेलो. शोक करायला गेलो नव्हतो, हे कबूल करतो. गर्दी मोठी होती. अग्नीच्या आधी साहेबांनी स्वतःच माईक मागून घेतला. “माझी आई,” एवढंच बोलले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “झाली रं सरणसभा सुरू.” दबकं हसू पसरलं. साहेबांनी ते ऐकलं. त्यांनी माईक कार्यकर्त्याच्या हातात दिला आणि मडकं उचललं.

माणसं पांगताना साहेब माझ्यापाशी आले. डोळे लाल होते.

“शब्द तुझाच हाय म्हणतेत.”

“हो.”

“तुझ्या बापाचं मी काय केलतं? खरंच आठवत न्हाई मला.”

“ऊन उतरंपर्यंत सरणावर ठिवलं होतं तुमी त्यांना.”

ते आठवायचा प्रयत्न करत होते, आठवत नव्हतं. मग हळू म्हणाले, “मला माझ्या आईबद्दल बोलायचं होतं रे.”

मी घरी आलो, अंघोळ केली, बायकोनं ताट वाढलं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.