अंधारशेठ आधी पाणी विचारतो

मोहन गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर गाडीत अडकून पडलो होतो. पुढे ट्रक, मागे बस आणि कानाशी आमच्या मैत्रिणीचा, नीलिमाचा आवाज. "भोंग्या, आधी गाडी बाजूला घे," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, बाजू शिल्लक असती तर घरी नसतो का पोचलो?" एरवी ती खिदळली असती. ती हसली नाही तेव्हाच मी काय ते समजलो. मोहन दुपारी जेवून आडवा झाला होता. सुनंदावहिनी चहाला उठवायला गेल्या, तर... तो उठलाच नाही. भोवती सगळे हॉर्न कोकलत होते आणि मला मात्र त्या गोंगाटात मोहनचं एकच वाक्य ऐकू येत होतं. "पाणी घेणार?" तेही त्याच्या नेहमीच्या, कान देऊन ऐकावं लागणाऱ्या आवाजात. या गोष्टीला आता दोन-तीन महिने होतील. रडून झालंय. आता त्याच्याबद्दल लिहायला बसलो की हसूच जास्त येतं, आणि ते त्याला चाललं असतं.

आम्ही दोघं वर्तकनगरच्या एकाच बिल्डिंगमधले, एकाच वर्गातले. माझा आवाज लहानपणापासून असा, की आई मला हाक मारायची आणि मी दिलेली 'ओ' मागच्या बिल्डिंगला ऐकू जायची. म्हणून मी भोंग्या. पुढे मी शाळेत पी.टी.चा मास्तर झालो, शिट्टीशिवाय. मोहनचा आवाज त्याच्या उलट. वर्गात त्याचं उत्तर बरोबर असायचं, पण ते बाईंपर्यंत पोचायचंच नाही. शेजारी बसलेला मी ते ऐकून मोठ्यांदा सांगायचो आणि शाबासकी घ्यायचो. पुढे मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत तो खरेदी खात्यात लागला, तिथेही फोनवर पलीकडचा माणूस "हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणायचा आणि हा शांतपणे पहिल्यापासून सुरू करायचा. कधी आवाज चढवला नाही. मला वाटतं, तो चढतच नव्हता.

आम्हाला एकत्र बांधून ठेवलं ते 'कॅप्टन काजवा'नं. आताच्या वाचकांना हे नाव माहीत असायचं कारण नाही. आमच्या लहानपणी निघालेलं आणि थोड्याच वर्षांत बंद पडलेलं ते एक मराठी कॉमिक. कागद असा, की बोटांना शाई लागायची. त्यातला काजवा आम्हा सगळ्यांना मनापासून कंटाळवाणा वाटायचा. आम्ही वाचायचो ते अंधारशेठसाठी. धोतर, काळा कोट, डोक्यावर गोल टोपी आणि कंदिलांचं दुकान. हा शेठ लोकांच्या घरातला उजेड विकत घ्यायचा आणि दुकानातल्या कंदिलांत कोंडून ठेवायचा. ज्यानं विकला त्याच्या घरात पुन्हा दिवा लागायचा नाही. मी त्याचं हसणं अख्ख्या बिल्डिंगला करून दाखवायचो. मोहन मात्र तेच तेच अंक उलटून चित्रं बघत बसायचा.

मोठे झालो तरी खोड गेली नाही. मोहन डोंबिवलीला मानपाड्यात राहायला गेला, मी घोडबंदर रोडला, आणि तरी महिन्यातला एक रविवार मी त्याच्या तळमजल्यावरच्या घरी सकाळचे पोहे खायला हजर. बँकेतली नीलिमा आमच्याच शाळेची, ती यायची. मोहनच्या सोसायटीतला ओंकार यायचा. तो वयानं आमच्यापेक्षा बराच लहान, पण सिनेमे आणि मालिकांचं एडिटिंग करणारा, आणि कॉमिकचं वेड आमच्याइतकंच. वहिनी म्हणायच्या, "चार शहाणी माणसं आणि भांडण कशावरनं, तर चित्रातल्या चोरावरनं." मग एके दिवशी ओंकार बातमी घेऊन आला की 'काजवा'चे हक्क कुणीतरी घेतलेत आणि त्यावर म्हणे वेबसिरीज येणार. झालं! पोहे गार झाले. पडद्यावरचा अंधारशेठ कसा असावा यावर आमची जी जुंपली, ती पुढे वर्षभर चालली.

नीलिमाचं म्हणणं, आताच्या प्रेक्षकाला नुसता दुष्ट माणूस पुरत नाही. त्याला लहानपण पाहिजे, दुःख पाहिजे. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा गरीब मुलगा आणि कुणीतरी तो दिवा फोडला, असं काहीतरी. ओंकारला डोळ्यांतून काळा धूर हवा होता. "काका, तो आला की फ्रेमच काळी पडली पाहिजे यार, एकदम खतरनाक." मला हवा होता आवाज. खर्जातला, गडगडाटी, खुर्ची हादरवणारा. मोहन सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "अरे, पण तो आधी पाणी विचारतो."

पहिल्यांदा आम्ही त्याला उडवूनच लावलं. मग त्यानं जुने अंक समोर टाकले. खरंच की! प्रत्येक अंकात शेठच्या दुकानात कुणी आलं की शेठच्या हातात पितळी तांब्या, आणि पहिलं वाक्य तेच. पाणी घेणार? आम्ही ते पान कायम घाईघाईनं उलटलं होतं. मोहन म्हणाला, "तांब्या काढायला किती किचकट असतो बघ. तो काठ, ती चमक. उगाच कोण दर वेळी काढत बसेल? चित्रकाराला माहीत होतं. शेठला ओरडायची गरजच नाही रे. त्याला घाई नाहीये. समोरच्याचं सगळं गेलेलं आहे, हे त्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून तो पाणी विचारतो." नीलिमा म्हणाली, "म्हणजे तुझा शेठ डोंबिवलीतला कुठलाही काका." तो खूश होऊन म्हणाला, "तेच तर! म्हणून भीती वाटते."

सिरीज काही आली नाही. बातमी आली तशी विरली. मोहनला ते फार लागलं. त्याला कशाचा हट्ट असा नव्हता कधी, पण हा होता. शेठ एकदा तरी नीट पडद्यावर आलेला बघायचा होता त्याला. तेव्हा ओंकारच म्हणाला, "काका, आपणच करूया. दहा मिनिटांची करू, गणपतीत सोसायटीत दाखवू." शेठ कोण होणार, हा प्रश्नच नव्हता, मोहनच. वहिनींनी सासऱ्यांचं धोतर काढलं, कोट नीलिमाच्या नवऱ्याचा, तांब्या मोहनच्या आईचा. आम्ही ते मोहनच्याच बैठकीत शूट केलं. बघताना मात्र माझा जीव खालीवर व्हायला लागला. इतका मऊ आवाज! मी ओंकारला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "दिसू दे हा, पण आवाज माझा टाकू." नीलिमानं मान डोलावली. मोहनला सांगितलं तर तो थोडा वेळ तांब्याच पुसत बसला. मग म्हणाला, "मग तो शेठ नाही रहात. भोंग्या रहातो." शेवटी ठरलं की दोन्ही आवाजांत फिल्म करायची, एकामागोमाग एक दाखवायची, आणि निकाल पोरांनी द्यायचा.

मंडपात पांढरी चादर बांधली होती. पहिली माझी. माझा गडगडाट सुरू झाला तशी पोरं खूश. टाळ्या, शिट्ट्या, एकानं तर माझ्यासारखं हसून दाखवलं. मी मिशांना पीळ दिला. मग दुसरी लागली. तेच चित्र, तोच कोट. मोहनचा शेठ सावकाश वळला, तांब्या उचलला, आणि अगदी घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं म्हणाला, "पाणी घेणार?" शिट्ट्या थांबल्या. पुढच्या रांगेतली मनवा, असेल पहिली-दुसरीतली, उठली आणि मागे जाऊन आईच्या मांडीत बसली. मग तिच्या मागून आणखी दोघं. मी मोहनकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता, पोरांकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं की मला माझी हारही गोड लागली.

पण खरी गंमत पुढेच झाली. मोहनच्या खिडकीखाली सोसायटीची मोकळी जागा. संध्याकाळी तिथे पोरं खेळत आणि तहान लागली की मोहनच्या खिडकीशी येत. कामावरून आला की ग्रिलमधून त्यांना पेले भरभरून देणं हा त्याचा रोजचा उद्योग. मूलबाळ नव्हतं दोघांना. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, पण त्या वेळेला घरी पोचण्यासाठी कंपनीतून कसा निघायचा ते मी पाहिलेलं आहे. फिल्म दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर एक पोर फिरकेना. मोहनचा फोन आला, "भोंग्या, जिंकलो रे मी. पण पोरं पाणी प्यायला येत नाहीत." हसत होता, पण आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. मी म्हटलं, शेवट बदलून नवीन फिल्म करू, शेठ माफी मागतो असं दाखवू. नीलिमाला तर तिचं दुःखी लहानपण घालायची संधीच दिसली. मोहननं साफ नाही म्हटलं. "शेठ माफी मागत नाही. त्यांची भीती खरी आहे, ती मी खोटी कशाला ठरवू?"

तो रोज पाण्याचा जग भरून पेल्यांसकट खिडकीत ठेवायचा आणि आत निघून जायचा. पाणी तसंच राहायचं. वहिनी ते कुंड्यांना घालायच्या आणि मनातल्या मनात आम्हा सगळ्यांना शिव्या द्यायच्या. बरेच दिवस असे गेले. मग एकदा मनवा आली, लांब उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही शेठ आहात की मोहनकाका?" मोहन आतून म्हणाला, "तुला कोण पाहिजे?" ती बराच वेळ विचार करत होती, असं वहिनी सांगतात. मग म्हणाली, "पाणी मोहनकाकांचं पाहिजे. पण विचारा शेठसारखं." त्यानं विचारलं. ती किंचाळली, पळाली, परत आली आणि घटाघटा प्यायली. त्यानंतर काय, रांगच लागली. घाबरल्याशिवाय पाणी प्यायचंच नाही, असा त्या खिडकीचा नियम झाला. मोहन गेला त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो पाळला गेला.

परवा मी वहिनींना भेटायला गेलो. घर तसंच आहे. अंकांचा गठ्ठा कपाटावर, शेजारी तांब्या, घासून लखलखीत. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, तेवढ्यात वहिनी घड्याळाकडे बघून उठल्या आणि जग भरून खिडकीत ठेवला. मी म्हटलं, "अजून येतात?" म्हणाल्या, "येतात की. भाऊजी, पाणी मी देते, पण ते विचारणं मला जमत नाही. मला हसू फुटतं." खिडकीखाली पोरं जमलीच होती. मनवा आता मोठी झालीय, ती लांब सायकलला टेकून उभी होती. ग्रिलशी तिची धाकटी बहीण ईरा, घामानं केस चिकटलेली. वहिनींनी मला खुणावलं. मी पुढे झालो, घसा खाकरला आणि विचारलं, "पाणी घेणार?"

पोरगी जागची हलली नाही. कंटाळून माझ्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, ओरडू नका ना. असं नाही विचारायचं. काका हळू विचारायचे."

मी खुर्ची ओढली आणि खिडकीशी बसलो. इतक्या वर्षांचा वाद, आणि माझ्या बाजूनं बोलायला एक माणूस शिल्लक नाही. तांब्या कपाटावरून काढून आणला, जगमधलं पाणी त्यात ओतलं. घाई केली नाही. माझा आवाज खाली आणायला मला फार वेळ लागला. तो इतका खाली गेला की माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

"पाणी... घेणार?"

ईरा एक पाऊल मागे सरकली. मग पुढे आली, दोन्ही हातांनी पेला धरला आणि माझ्यावरची नजर न काढता सगळं पाणी प्यायली.