शाळेच्या बसपाशी रिकाम्या हातांनी

कात्रजच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी शाळेची बस येते. आम्ही आजी-आजोबा नातवंडांची दप्तरं धरून उभे असतो. आमच्यातले एक गृहस्थ मात्र रिकाम्या हातांनी येतात. सरकारी कचेरीत कारकून होते. अजूनही इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. बस आली की घड्याळ बघून म्हणतात, "चार मिनिटं उशीर."

त्यांचे मुलगा-सून दोघंही आयटीत. "मूल झालं तर सांभाळणार कोण?" असं सून म्हणाली, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. माळ्यावरचा पाळणा काढून स्वतः रंगवला. त्या गोष्टीला आता चौथं वर्ष लागलं, पाळणा अजून रिकामाच.

कुणाच्या बुटाची नाडी सुटली, की खाली बसून तेच बांधतात. मला ते बघवत नाही, आणि नको म्हणायचा धीरही होत नाही.

परवा बसवर नव्या ताई आल्या. सगळी मुलं आत घेऊन त्यांनी या गृहस्थांना विचारलं, "आजोबा, तुमचं कोण?"

"आमचं प्रकरण विचाराधीन आहे," ते म्हणाले. "तुम्ही निघा. सहा मिनिटं उशीर झालाय."

आम्ही घराकडे वळलो, तेव्हाही त्यांचा हात बसच्या दिशेनं हलत होता.