मापकाकांचा हात

त्यांना सगळे मापकाका म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच पडून राहिलं. हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बारमध्ये हा माणूस एकतीस वर्षं काउंटरमागे उभा होता, पण पेगचं माप त्यानं कधी हातात धरलं नाही. बाटली उचलायची, तिरपी करायची, मनात तीन आकडे म्हणायचे आणि सरळ करायची. मोजून बघा, थेंब इकडचा तिकडे नाही! नवखं गिऱ्हाईक पैज लावायचं आणि हरून गुमान पैसे काढायचं.

बारही निवांत. टीव्ही नाही, गाणं नाही. सहा टेबलं आणि काउंटरला पाच उंच खुर्च्या. येणारे ठरलेलेच. दातांचे डॉक्टर, बायको गेल्यापासून घरी लवकर न जाणारे वकीलसाहेब, आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. एकेक ग्लास पुढ्यात घेऊन तास तास बसायचे.

दोन वर्षांपूर्वी मापकाकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी करंगळी, मग अख्खं मनगट. शर्टाची बटणं बायको लावून द्यायला लागली.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणायची. "दुसरं काहीतरी काम देतील."

"काय सांगू? ज्या हातावर नाव कमावलं तोच गेला म्हणून? निवृत्तीला दोन-तीन वर्षंच राहिलीत. कुणाला पत्ता नाही आणि लागणारही नाही. निवृत्त होईन तो मापकाका म्हणूनच."

आणि नशीब बघा, त्याच सुमाराला गिऱ्हाइकांची आवडच पालटली! डॉक्टर म्हणाले, व्हिस्की आता पोटाला सोसत नाही, बिअरची बाटली द्या. मग वकीलसाहेब बिअरवर आले. बाईंनी तर वर्षानुवर्षांचं जिन-लिंबू सोडलं. "झाकण तेवढं उघडा, ग्लास मी भरते," म्हणायच्या. झाकण काय, हात हलला तरी निघतं. मापकाकांनी मनोमन देवाचे आभार मानले. आता साठीला टेकलेल्या माणसानं इतकं भोळं असावं का? पण गरज असली की माणूस भोळा होतोच.

मग नवीन मॅनेजर आली. मुलीच्या वयाची, बोलायला गोड, कामात चोख. एका दुपारी तिनं मागच्या फळीवरच्या बाटल्यांवरून बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ त्यांना दाखवली.

"काका, इथं बिअरशिवाय कुणी काही घेतच नाही. मग एक फ्रिज आणि एक वेटर पुरे ना? पुढच्या महिन्यापासून काउंटर काढून टाकू म्हणते. तुमचा हिशेब हॉटेल नीट करेल."

संध्याकाळी मापकाकांनी तिघांना सांगितलं. "बघू काय करता येतं," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी केलं ते असं. शनिवारी मॅनेजर कोपऱ्यातल्या टेबलाशी कागद घेऊन बसली होती. सातच्या सुमाराला तिघं आले, सोबत ओळखीची आणखी चार माणसं घेऊन. डॉक्टरांनी मुद्दाम आवाज चढवला, "मापकाका, व्हिस्की! सगळ्यांना!" बाई म्हणाल्या, "मला जिन-लिंबू, पूर्वीसारखं." बार चालतोय हे मॅनेजरला दिसावं, एवढाच त्यांचा बेत. चांगुलपणाला अक्कल असतेच असं नाही, दुसरं काय!

सात ग्लास मांडले गेले. मॅनेजर मान वर करून कौतुकानं बघत होती. पळायला वाट नव्हती. मापकाकांनी उजव्या हातात बाटली घेतली, डाव्यानं मनगट आवळलं. बाटलीचं तोंड ग्लासच्या काठावर वाजायला लागलं आणि त्या शांत खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं. पहिला ग्लास भरून वाहिला. दुसरा आडवा झाला आणि व्हिस्की बाईंच्या पर्सवर गेली.

मॅनेजर उठून जवळ आली. चिडलेली नव्हती. "काका, हे कधीपासून होतंय?"

"आजच," मापकाका म्हणाले. "सकाळपासून जरा बरं नाही."

बाईंना राहवलं नाही. "आज कुठलं? दोन वर्षं झाली. म्हणून तर आम्ही बिअर पितो, माझ्या तर ती घशाखाली उतरत नाही. तुम्ही त्यांना काढू नका हो, आम्ही सांभाळून घेतोय ना!"

मापकाकांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं मी ऐटीत इथं उभा, आणि तुम्ही मला भीक घालत होता."

फडक्यानं त्यांनी आधी बाईंची पर्स पुसली, मग काउंटर, आणि जिना उतरून गेले. महिना संपायचीही वाट त्यांनी बघितली नाही.

सोमवारी तिघं आले. नव्या वेटरनं काय आणू म्हणून विचारलं. व्हिस्की म्हणायचा कुणालाच धीर झाला नाही. तिघांनीही बिअर मागवली.